एकतीस तुतवार

भाची : आत्या, वही दे इकडे.

आत्या : कशाला? आकडा लिहून झालाय. सत्तेचाळीस तुतवार पक्षी.

भाची : तू मोजलेस?

आत्या : नाही, स्वप्नात आले! अगं, बावीस वर्षं या तलावावर मोजणी करतेय मी. तू तेव्हा पाळण्यात होतीस.

भाची : पलीकडच्या चिखलात एकतीसच आहेत.

आत्या : मग दुर्बिणीची काच पूस आधी.

भाची : तीनदा मोजलेत. मोजताना मी पुटपुटते, तुला माहीत आहे. आज शेवटी मुद्दाम सत्तेचाळीस पुटपुटले. तू लगेच लिहिलंस.

आत्या : ऊन डोळ्यांवर येतंय गं.

भाची : सकाळी गाडी खड्ड्यात घातलीस, तेव्हाही म्हणालीस ऊन डोळ्यांवर आलं. ऊन मागे होतं, आत्या.

आत्या : माझी परीक्षा घेतलीस? माझीच दुर्बीण गळ्यात घालून?

भाची : कधीपासून दिसत नाही?

आत्या : दिसतं गं. कडेचं दिसतं. मधेच कुणीतरी बोट ठेवल्यासारखं होतं, महिना झाला. पण आवाजावरून ओळखते ना सगळे? एक तरी चुकला का?

भाची : ओळखतेस. पण आवाजावरून मोजता येत नाहीत.

आत्या : हळू बोल. धरणाची जीप आली बहुतेक. इंजिनिअर आकडा न्यायला आलाय.

भाची : मग खोड तो.

आत्या : वेड लागलंय का तुला? चाळीसच्या खाली आकडा गेला की उद्याच पाणी चढवणार ते. तसं ठरलंय. चिखल बुडाला तर हे चरणार कुठे? अजून अर्धी वाट उडायचीय त्यांना.

भाची : आणि तो स्वतःच दुर्बिणीतून बघायला लागला तर?

आत्या : नाही बघत. बावीस वर्षांत एकाही साहेबाने बघितलं नाही. माझ्या शब्दावर सही करतात.

भाची : म्हणूनच म्हणतेय.

(जीपचं दार वाजतं.)

इंजिनिअर : नमस्कार बाई! ऊन काय तापलंय. झटपट सांगा, किती?

भाची : आत्या...

आत्या : थांब जरा. साहेब, त्याचं असं आहे...

इंजिनिअर : वहीच द्या ना, मी उतरवून घेतो.

आत्या : वहीतला आकडा घेऊ नका. तो मी मोजलेला नाही. मला दिसत नाही आता. हिला विचारा.

इंजिनिअर : काय सांगता, बाई! ...बरं, तू सांग. किती?

भाची : एकतीस.

इंजिनिअर : अरेरे. मग उद्या सहाला पाणी चढवावं लागेल. वाईट वाटतं हो, पण ठरलंय तसं.

आत्या : ठरलंय ते ठरलंय. या तुम्ही.

भाची : जीप गेली. ...आत्या, रडतेस?

आत्या : रडू नाही तर काय नाचू? ही चावी घे. गाडी तू चालव. पण आधी बस जरा.

भाची : आता कशाला?

आत्या : उद्या नसतील. पुन्हा एकदा मोज. आणि मोठ्याने मोज गं. महिनाभर चोरून ऐकतेय, दमले मी.