दगड बोलेनासे झाले

आम्ही पाथरवट. मूळचे साताऱ्याकडचे, असं घरात सांगतात, पण गाव कोणतं ते कुणाला धड मालूम नाही, एक काका म्हणायचा वाईजवळचं, दुसरा म्हणायचा फलटणकडचं, मला तर शक आहे की दोघांनाही ठाऊक नव्हतं, बोलायचं म्हणून बोलायचे. इथे बनारसात घाट बांधायला इंदूरवाल्या राजांनी माणसं आणली त्यात आमचा कुणी पूर्वज होता म्हणतात, मणिकर्णिकेच्या पायऱ्या आमच्याच हातच्या, असं आमच्यातलं शेंबडं पोरही सांगतं. आता बनारसात ज्याला बघाल तो म्हणतो पायऱ्या आमच्या. म्हणून मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की माझा बाप इथून जवळच्या चुनारच्या खदानीत दगड फाडायचा, अन् बापाचा बापही तेच करायचा, कारण हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

ते तुमचं आवाज भरायचं मशीन चालू आहे ना ताई? दिवा नाही लागलेला. बरं, तुम्ही मान हलवताय तर असेल. अन् तुम्ही काय विचाराल ते या सरूकडे बघून विचारा, माझी बायको, ती मला वळून सांगेल, माझे कान गेलेत. आता सांगतो हे सरळ, तेव्हा मानत नव्हतो, त्याचीच तर सगळी गोष्ट आहे.

तर दगड फाडणं. फोडणं वेगळं, फोडायला काय, घण घेऊन कुणीही फोडतो, खडी करतो. फाडणं म्हणजे एवढा घराएवढा दगड आहे अन् तुम्हाला त्यातून सरळ पायरी काढायची, लुगडं कसं धाग्याला धरून सरळ फाटतं तसा तो फाटला पाहिजे. अन् काय सांगू तुम्हाला, दगडासारखा लबाड दुसरा कुणी नाही. वरून बघाल तर गुलाबी, साफ, अन् पोटात भेग घेऊन बसलेला. म्हणून बाप सांगायचा, दगडावर भरवसा ठेवायचा नाही, आधी तपासायचा. अंगावर पाणी ओतायचं अन् बसून राहायचं. सगळा दगड वाळतो, पण जिथे भेग आहे तिथे पाणी शिरलेलं असतं, तेवढी एक ओली रेघ मागे राहते, केसाएवढी, तीच दिसली पाहिजे. मग हातोडीने वाजवायचा. चांगला दगड घंटेसारखा बोलतो, भेग असलेला मुका, नुसता थप्प करतो.

तपासला की मग गेरूच्या सुतळीने लाल रेघ मारायची, रेघेवर छिन्नीने चर पाडायचा, चरात ओळीने भोकं. एकेका भोकात लोखंडाच्या दोन पट्ट्या अन् त्यांच्या मधे पाचर. आजोबाच्या वेळी वाळक्या बाभळीच्या पाचरी ठोकून त्यांना पाणी पाजत ठेवायचे, लाकूड फुगायचं अन् दगड उघडायचा, आता लोखंड आलं. मग घण. पण घण म्हणजे जोर असं समजू नका. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक पाचरीला एक घाव, सारखाच, कुणाला कमी नाही कुणाला जास्त नाही, मग उलटं परत. पहिल्यांदा पाचर जाड आवाजात बोलते, जशी आवळत जाते तसा आवाज बारीक होतो, अन् सगळ्या पाचरी एका आवाजात बोलायला लागल्या की थांबायचं. बस्स. घण खाली. मग दगड आपोआप उघडतो, जरा वेळाने. जो तेव्हा थांबला नाही, ज्याने आणखी एक घाव हाणला, त्याची रेघ वाकडी पळाली म्हणून समजा. म्हणजे बघा, सगळं काम हाताचं दिसतं पण आहे कानाचं. म्हणूनच आमच्यात रीत आहे, पाचरी बसल्या की कुणी बोलायचं नाही, कुणी दगडाला हात लावायचा नाही, बाईमाणसाने तर कधीच जवळ यायचं नाही.

असं सगळं ठीक चाललं होतं, मग खदानीतले दगड बिघडायला लागले. मला तसंच वाटलं. ज्याला वाजवावं तो थप्प. हा मुका, तो मुका, मी बाजूला काढत गेलो. मालकाला म्हटलं, तुम्ही सुरुंग जास्त भरता, सगळा डोंगर आतून हलवून टाकलात. मालक हात झटकून निघून गेला. मग वाटलं लोहाराने पाचरीचं लोखंड बदललं, हलका माल देतोय, आवाजच नाही त्याला. त्याच्याशी भांडलो. मग रामजनम. रामजनम म्हणजे माझ्या हाताखाली शिकलेला तिकडचाच माणूस, आता स्वतः दगड फाडतो, तो अन् बाकीचे लोक हल्ली फुसफुस करायचे. मी जवळ गेलो की ओठ हलताना दिसायचे अन् शब्द एक नाही. मला बिलकुल खात्री झाली की माझी जागा घ्यायचा बेत चाललाय. मी काढून टाकलेले दगड हा रामजनम माझ्यामागे फाडायचा, अन् ते सरळ निघायचे. मी म्हटलं, बघा, माझ्या पाचरी बदलून ठेवतो अन् स्वतः चांगल्या वापरतो. डबा खातानासुद्धा मी पाचरी मांडीखाली घेऊन बसायचो.

घरीही तेच. आम्ही राहतो दुर्गाघाटाच्या मागच्या गल्लीत, गल्ली एवढीशी की समोरच्या घरातली कढी कधी उकळली ते कळायचं, अन् आता समोरचे लोक एकदम चुपचाप. मी सरूला म्हटलं, यांचं काहीतरी बिनसलंय आपल्याशी. ती काही बोलली, मला वाटलं ती पण हळू बोलते, म्हणजे ती पण त्यांच्यात सामील. बघा, कुठपर्यंत गेलं होतं माझं डोकं.

मग तो उंबऱ्याचा दगड आला. शिंदे घाटाच्या वरच्या बाजूला एक जुना मठ आहे आपल्या मराठी लोकांचा, त्यांचा उंबरा झिजून मधोमध तडकला. नवा पाहिजे होता, अखंड, सांध्याचा उंबरा चालत नाही देवाच्या दाराला. एवढ्या लांबीचा दगड खदानीत एकच सुटला होता, तसा दुसरा मिळायचा नाही. मालकाने मला बोलावलं अन् हातवारे करत, ओरडून सांगितलं, हा तुझ्या लोकांचा आहे म्हणून तुला देतो, हा बिघडला तर घण ठेवून दे अन् फाटकावर बस. फाटकावर म्हणजे ट्रक मोजत. दगड फाडणाऱ्या माणसाने ट्रक मोजायचे, ताई, त्यापेक्षा मेलेलं बरं.

मी दगड वाजवला. थप्प. पुन्हा वाजवला, या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात. मुका. म्हटलं, मालकाने मुद्दाम फुटका दगड दिला, मला घालवायला. तेवढ्यात रामजनम पुढे आला, माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, उस्ताद, पथरवा त बोलत बा, म्हणजे दगड तर बोलतोय. मी त्याला ढकललं. म्हटलं, तुला तर हेच पाहिजे, मी फुटक्या दगडावर घण मारावा अन् तुम्ही हसावं.

मग पाणी आणलं. स्वतः आणलं, दुसऱ्याच्या हातचं नाही घेतलं. ओतलं अन् बसलो उकिडवा. ऊन होतं, दगड वाळत गेला, वाळत गेला, सगळा वाळला. एक रेघ राहिली नाही. मी पुन्हा ओतलं, पुन्हा तसंच. पाणी सांगतंय दगड शाबूत, कान सांगतोय फुटका. जन्मभर या दोघांवर चाललो मी, दोघं कधी वेगळं बोलले नव्हते, अन् आता कुणावर शक घेऊ? मी चक्क पाण्यावर घेतला. ओंजळीत घेऊन उन्हाकडे धरून बघितलं.

त्या दिवशी सरू आली होती, मी डबा विसरलो होतो म्हणून चुनारची बस धरून आली. लांब उभी राहून सगळं बघत होती. मग ती चालत आली, रीत मोडून सरळ दगडापाशी आली, माझ्या हातातली हातोडी घेतली अन् दगडावर हाणली. अन् मी काय बघितलं सांगू, झाडाखाली झोपलेलं कुत्रं उठलं. रामजनमने मान वळवली. सगळ्यांनी ऐकलं. मी नाही ऐकलं.

सरू माझ्यासमोर आली, तोंडाशी तोंड आणून म्हणाली, अहो, दगड बोलतोय. तुम्हाला ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, दार वाजलेलं ऐकू येत नाही. मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं की. किती वेळा सांगितलं, तुम्हाला ऐकू गेलं नाही.

मी खाली बसलो. रडलो, खोटं कशाला बोलू. भीती वाटली हो. घणात जोर होता, डोळे चांगले, पण थांबायचं कधी ते कोण सांगणार? रामजनम म्हणाला असावा मी सांगतो, त्याने छातीला हात लावून खूण केली. पण मी त्याला कसा मानू, महिनेच्या महिने मी त्याच्यावर शक घेतलेला, त्याने त्याचा राग काढला तर? शक गेला म्हणता जातो का? मग मी सरूकडे बघितलं. तिच्यावरही होताच थोडा. ती मला वाईट वाटू नये म्हणून काहीही सांगेल, असा. पण बायको माझी, अन् तिचा बापही पाथरवट, जेजुरीकडचा, लहानपणापासून हा आवाज कानावर पडलेला.

भोकं पाडायला रामजनमने मदत केली. पाचरी बसल्या. सरूला मी टोकाला बसवली, दगडावर हात ठेवून, लोक तोंडं वाकडी करत होते. मी घण घेतला. एक घाव, मी तिच्याकडे बघायचो, ती मान हलवायची, मग पुढचा. या टोकाला गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. घाम डोळ्यांत. अन् मधेच तिने हात वर केला. थांबा.

मला वाटलं, इतक्यात? नाही. माझ्या हाताच्या हिशोबाने अजून एक फेरा बाकी होता. घण माझा वर होता, ताई, डोक्याच्या वर. मनात आलं, घाबरली ही, हिला कळलं नाही, एक घाव हाण अन् मोकळा हो. तिने हात खाली नाही घेतला. नुसती माझ्याकडे बघत राहिली. तशी ती माझ्याकडे कधी बघत नाही. मी घण खाली ठेवला.

बसलो. सगळे बसले. मला तर काही नाही, बहिऱ्याला सगळं सारखंच. मी त्या लाल रेघेकडे बघत होतो, अन् बघता बघता ती एक रेघ होती तिच्या दोन झाल्या. मधे काळा धागा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. सरूने पदर तोंडात धरला. रामजनम नाचायला लागला, मग येऊन माझ्या पाया पडला, ते मी पडू दिलं.

मी सरूला विचारलं, उघडताना आवाज कसा झाला गं? ती म्हणाली, तुम्ही झोपेत कूस बदलता ना, तसा.

उंबरा बसला मठात, तुम्ही जाऊन बघा, त्यावरून लोक जातात येतात. कानाचं मशीन घ्या म्हणतो डॉक्टर, घेईन, पण मला त्या डॉक्टरचा भरवसा वाटत नाही, फार हसतो तो. मोठा दगड असला की आता आम्ही दोघं जातो चुनारला. ती अन् रामजनम खदानीत काय बोलत असतात ते मला कळत नाही, अन् ते मला आवडतही नाही, हे तिलाही सांगितलंय. दगड उघडला की मी विचारतो, आवाज कसा होता. दर वेळी ती वेगळं सांगते. कधी म्हणते कोऱ्या साडीची घडी मोडल्यासारखा, कधी म्हणते नदीत होडी सुटल्यासारखा. बनवून सांगते, असा मला शक आहे. पण विचारल्याशिवाय माझ्याच्याने दगडाजवळून उठवत नाही. माझं काय व्हायचं ते झालं, ताई. देव तिचे कान शाबूत ठेवो.