आडवा थर

पाऊस? न्हाई वो साहेब, त्या दिवशी पाऊस कुठला. वैशाखातलं ऊन — सकाळी नवालाच गोडाऊनचा पत्रा कडाकडा वाजाया लागला हुता, आन वारं तर जनू कुनी दाव्यानं बांधून ठेवल्यालं. गेटावरच्या निंबाचं पान हलत न्हवतं. डायव्हरनं ट्रकाच्या टपावर बादलीभर पानी मारलं, ते खाली गळायच्या आत वाळून गेलं. असा दिस हुता. आन तुमच्या कागदावर काय लिव्हलंय — पावसानं फरशी वली हुती आन सहादेव वल्या पायानं थप्पीवरनं घसरून पडला? परत वाचा बरं. मला वाचता येत न्हाई, पन ऐकू येतं अजून. — व्हय, पाऊसच म्हनलाय.

बसा की, उभं नका ऱ्हाऊ. माझी बायकू, साळूबाई, चहा टाकतीय. तिला कमी ऐकू येतं, म्हनून मी मोठ्यानं बोललो तर राग मानू नका. विम्याच्या हापिसातनं आलाव न्हवं तुमी? म्हंजी कंपनीचं न्हाई. — कंपनीनंच फोन करून बोलावलं? बरं, असू द्या. मानसाला कुनी बी धाडू द्या, कान ज्याचं त्याचंच असत्यात. एक इचारू का आधी? एकदा दिलेला अंगठा माघारी घेता येतो का? न्हाई, सहज इचारलं. तुमचं चालू द्या. काय सांगू, थप्पीचं सांगू? सांगतो. पन सावकाश सांगन, मला घाईत सांगता येत न्हाई.

चाळीस वर्सं मी पोत्यांच्या थप्प्या लावल्या, साहेब. आधी बेलापूरला आडतीवर, मग ह्या गोडाऊनात. गहू, हरबरा, सोयाबीन — जे येईल ते. लोक म्हनत्यात हमाली म्हंजी नुसती पाठ. न्हाई. थप्पी लावनं म्हंजी गवंड्याचं काम. गवंडी सांध्यावर सांधा येऊ देतो का? न्हाई येऊ देत. तसंच पोत्याचं. एक थर उभा, त्याच्यावरचा थर आडवा, परत उभा. म्हंजी वरचं पोतं खालच्या दोघांना धरून ऱ्हातं. अशी थप्पी भूकंपात बी हलत न्हाई. आन बिघडलीच तर ती आधी सांगती — मधी फुगती. थप्पीला पोट सुटलं, असं म्हनतो आमी. पोट सुटलेल्या थप्पीखाली लेकराला बी उभं करू नये, मग मोठ्या मानसाचं काय.

मग तीन वर्सांमागं ही नवी कंपनी आली. वाईट न्हाई म्हनत मी, आल्या आल्या भिंतीला रंग दिला, डोक्याला लागू नये म्हनून कडक टोप्या बी दिल्या, पन कागदावरच. पंखं चार लावलं, ते चारी हापिसात. पान्याचा माठ गेटापाशी, आन गेटापातूर जायचं तर हातातल्या घड्याळाकडं बघत कुनीतरी उभं. तासाला किती पोती झाली त्याचा आकडा भिंतीवर लाल दिव्यात दिसायचा, कमी पडला की शिट्टी. आमच्या गँगातला सहादेव म्हनायचा, आबा, आमच्या पाथर्डीकडं बैलाला बी शिट्टी मारून पानी पाजत्यात, हितं शिट्टी मारून पान्यावरनं उठीवत्यात. हसवायचा लई. आन हजेरी अंगठ्याची. माझा अंगठा मशीनला दिसंना. हा बघा — बारदान घासून घासून रेघाच गेल्यात. चार चार दिस मी काम केलं आन मशीन म्हनायचं, छगन आलाच न्हाई. हा, ह्योच अंगठा. कागदावर मातर बरा उठला.

कुठं हुतो मी? — हा, स्टिकर. नव्या कंपनीनं प्रत्येक पोत्याच्या तोंडाकडं एक चिकटपट्टी लावली, काळ्या रेघांची. संध्याकाळी गोडाऊनचा सुपरवायझर, अमृत सर, हातातलं मशीन घेऊन थप्पीपुढनं चालनार, मशीन प्रत्येक रेघेपाशी टीक करनार, आन पुन्याला आकडा जानार. तर त्येनी सांगितलं, समद्या पोत्यांची तोंडं बाहेर पायजेत. समद्या म्हंजी समद्या. म्हंजी थर सगळं एकाच दिशेनं. आडवा थर बंद. पोत्यावर पोतं, पोत्यावर पोतं, तेरा थर — आन पोती बी आता प्लास्टिकची, गुळगुळीत. तागाचं बारदान कसं एकमेकाला धरतं, हे धरतच न्हाई.

मी सांगितलं की. अमृत सर तसा देवळाली प्रवऱ्याचा, शेतकऱ्याचाच पोरगा, शिकलेला. त्याला म्हनलं, सर, अशी थप्पी उभी ऱ्हाईल पन तिच्या मनानं. तर तो हसून म्हनला, आबा, मशीनला जे दिसत नाही ते पोतं गोडाऊनात नाहीच. त्याचं तरी काय, त्याच्या मागं बी फोन. दुसऱ्यांदा सांगाया गेलो तर माझं गेटाचं कार्ड काढून घेतलं. दिसभर बाहेर उभा ऱ्हायलो, निंबाखाली. येनारी जानारी इचारत हुती, आबा, नवरदेवावानी का उभं? संध्याकाळी कार्ड दिलं. मग परत न्हाई बोललो.

त्या दिवशी काय झालं, तर आदल्या संध्याकाळचा आकडा जमंना. बावीस पोती कमी. अमृत सरचा चेहरा असा झाला की त्याच्याच घरात चोरी झालीय. आमा सगळ्या गँगला वळीत उभं केलं, डबं उघडाया दिलं न्हाईत. दोन वाजलं, तीन वाजलं. पत्र्याखाली तुमी कधी उभं ऱ्हायलाव का वैशाखात? घाम यायचा थांबतो, साहेब. मग त्याला कोपऱ्यातल्या थप्पीत सापडली ती. चोरी-बिरी काय न्हवती. वरनं चौथा थर कुनीतरी आडवा घातल्याला, तोंडं बाजूच्या पोत्यांत लपल्याली, म्हनून मशीनला दिसली न्हाईत. त्यानं इचारलं, हे वाकडं कुणी लावलं. परत इचारलं. मग सहादेव पुढं झाला आन म्हनला, मी लावलं.

— व्हय, कागदावर तेच हाय. नियम मोडून सहादेवनं पोती लावली, आन न सांगता वर चढला. न सांगता न्हाई, साहेब. अमृत सर म्हनला, आत्ताच्या आत्ता सरळ कर, ट्रक थांबलाय. वरची पोती आधी उतरवाया पायजेत, पन तेवढा येळ कुनाला. सहादेव पोती वढायची आकडी घेऊन चढला. मी खाली हुतो. आन मी बघत हुतो — थप्पीला पोट सुटल्यालं, डाव्या अंगाला, मला खालनं सवच्छ दिसत हुतं. त्या एका थरावरच ती तगली हुती. तो थर काय साधा न्हवता, मी तळहातानं दाबून दाबून बसवला हुता, बोट शिरत न्हवतं दोन पोत्यांच्या मधी —

...

न्हाई, बरोबर ऐकलंत.

लिव्हा तुमी. मीच घातला तो. आदल्या दिवशी जेवनाच्या सुट्टीत, एकट्यानं, कुनाला न सांगता घातला. त्या थप्पीखालनं रोज बायका झाडाया जात्यात, मला झोप येत न्हवती म्हनून घातला. मला वाटलं, एक थर, कोन बघतंय. मशीनचं मला काय कळतंय. आन इचारलं तवा मी पुढं झालो न्हाई. कार्ड गेलं तर सत्तरीच्या मानसाला कुठं ठेवनार हुतं कुनी — एवढंच आलं मनात, दुसरं काय न्हाई. सहादेवनं माझ्याकडं बघितलं एकदा. त्याला ठावं हुतं. अख्ख्या गोडाऊनात आडवा थर असा बसवनारा दुसरा मानूस न्हवता. आन तो म्हनला, मी लावलं.

मी तेव्हा बी बोलू शकत हुतो. तो चढत हुता, तेरा थर चढाया येळ लागतो. पोट दिसत हुतं मला. तोंड उघडलं बी मी, पन बोललो काय, तर, संभाळून रं. संभाळून म्हनून थप्पी थांबती का? त्यानं तिसरं पोतं वढलं आन ती आली. आवाज बी मोठा न्हाई झाला, साहेब. पोत्यात पोती पडली की आवाज होत न्हाई. आमी हातानं उकरून काढला त्याला. तो म्हनला, आबा, माझं पाय कुठं हायत? पाय तिथंच हुतं. वर्मी लागल्यालं कंबरंत. चाळीस बी न्हाई वय त्याचं. आता नगरच्या दवाखान्यात पडलाय, कमरंखाली टोचलं तर कळत न्हाई.

त्याच संध्याकाळी कपाटातल्या टोप्या काढल्या, आमच्या डोक्यावर घालून फोटू काढलं. मग कागद आला. मला आत बोलावलं, पंख्याखाली बसवलं, पानी दिलं. म्हनलं, अंगठा द्या, दवाखान्याचा कागद हाय. मला काय ठावं काय लिव्हलंय —

न्हाई. खोटं कशाला बोलू, आता इथपातूर आल्यावर. अमृत सरनं वाचून दाखवला. सगळा वाचला, पाऊस बी वाचला. मी म्हनलं, सर, पाऊस न्हवता. तो म्हनला, आबा, एवढं तुम्ही करा, मग तुमचं कार्ड कायमचं. मी अंगठा दिला. शाई पुसाया त्यानं मला सोताचा रुमाल दिला.

मग लोक बोलाया लागलं, की चूक सहादेवचीच ठरली तर दवाखाना कंपनी बघनार न्हाई, विमा बी न्हाई, त्याला तसाच उचलून घरी आनाया लागंल. खरं हाय का ते? — तुमी व्हय म्हनून मान हलीवताय. मग आता मी जे बोललो ते लिव्हा, त्याच्याखाली परत अंगठा घ्या. डाव्या हाताचा घ्या, त्याच्या रेघा हायत अजून. पयला खोडून टाका. खोडता येत न्हाई? मग त्याच्याशेजारी हा घ्या. मानसाचं दोन अंगठं असत्यात, एकानं खोटं केलं तर दुसऱ्यानं खरं करू नये का? — समजतंय मला, चूक माझ्यावर येनार. येऊ द्या की. काम जाईल, जाऊ द्या. जेल हुईल? हुईल तर हुईल, साळूबाईला मी समजावून सांगन, जोरात सांगावं लागंल एवढंच. तुमी फाईल का मिटली? पेन तरी खिशात घालू नका. साहेब, मी तुमच्या पाया पडतो, माझं वय बघू नका.

तुमाला तेवढंच तपासाया सांगितलंय, हा अंगठा माझाच हाय का. व्हय, माझाच हाय. बरं. चहा ऱ्हाऊ द्या मग, तुमाला उशीर होत आसंल. एवढं ऐकून जावा फकस्त. ही पलीकडची भिंत दिसती न्हवं, तिच्यापल्याड सहादेवचंच घर. कडूबाई, त्याची बायकू, आज सकाळी दवाखान्यातनं आली, धुनं न्यायला. तिला सगळं ठावं हाय, त्यानं सांगितलंय तिला. माझ्या दारात आली, उंबऱ्याच्या आत आली न्हाई. साळूबाईनं बस म्हनलं तर बसली न्हाई. बराच येळ माझ्या हाताकडं बघत हुती. मग म्हनली, "आबा, आमच्या मालकांनी दवाखान्यातनं निरोप दिलाय — छगन आबाला म्हनावं, गपच ऱ्हावा, ह्या वयात तुमाला दुसरं काम कुनी देनार न्हाई. निरोप त्यांचा हाय, तो मी पोचवला. पन आबा, मी तसं म्हनत न्हाई."