मॅडम एफिबाचा अंगठा

...आणि वर मलाच विचारतात, 'मॅडम एफिबा, तुम्ही आराबावर जळता का हो?' मी? मी कशाला जळू! पंचवीस वर्षं शिवणकाम करतेय मी या गल्लीत. 'देवाची वेळ फॅशन हाउस', पाटी वाचली असेल तुम्ही येताना... नाही वाचली? हां, तेच तर सांगतेय, पाटीपर्यंतच यायचंय मला, पण आधी ऐका तर खरं!

ही आराबा म्हणजे कोण? माझी शिकाऊ पोरगी. तीन वर्षं होती माझ्या हाताखाली. तीन वर्षांत सरळ टीप मारता आली नाही, काज करायला दिलं तर असं तिरकं, की बटण लावताना गिऱ्हाइकाने मान वाकडी करावी. पण तोंड? गिऱ्हाईक भांडायला यायचं आणि आणखी दोन कपडे टाकून जायचं! 'मावशी, राजधानीत, अक्राला आता अशीच फॅशन आहे!' की मावशी खूश. आणि हा अंगठा बघा माझा. मधोमध वण दिसतोय ना? मी मशीनच्या सुईत दोरा ओवतेय, बाहेरून कुणाच्या तरी अंत्ययात्रेचा बँड चाललाय, बाईसाहेबांनी बघायच्या नादात पेडलवर पाय दिला... सुई आरपार! आणि म्हणते कशी, 'मॅडम, तुम्हीच हात मध्ये घातलात.'

ती आराबा खासदारकीला उभी! खासदारकीला! तिचा फोटो समुद्राकडच्या भिंतीवर, होड्यांवर, आणि न विचारता माझ्या दुकानाच्या दारावर. दार उघडलं की तिचा चेहरा दुमडतो, लावलं की परत हसतो. दिवसभर हसतो! आणि शेजारची मामे याबा, मासे धुरावते ती, रोज सकाळी, 'एफिबा, तुझी पोरगी संसदेत जाणार गं, नशीब काढलंस!' माझं नशीब? गाडीवर भोंगा लावून फिरतेय ती, आणि मी इथे कुणाच्या तरी परकराची नाडी घालतेय! पण जळत नाही हं मी. मी कशाला जळू? फक्त एकदा, भर बाजारात, टोमॅटोच्या ढिगासमोर, निघून गेलं तोंडातून: 'मी आराबाला मत दिलं, तर दुकानाची पाटी माझ्या हाताने उतरवीन!' अख्ख्या बाजाराने ऐकलं. मामे याबाने तर दोनदा म्हणायला लावलं.

आता त्याच दिवशी राष्ट्रपतीचंही मतदान; ते मत आमच्या आईपासून आम्ही ज्या पक्षाला देत आलो त्यालाच मी देणार, आणि आराबा नेमकी त्याच पक्षाची! मग ठरवलं, राष्ट्रपती आपल्या पक्षाचा आणि खासदार समोरच्या पक्षाचा तो वकील. आमच्याकडे याला स्कर्ट-ब्लाउज मतदान म्हणतात, खालचं एका कापडाचं, वरचं दुसऱ्याचं. तुम्हाला सांगते, जिने जन्मात कुणाला बेजोड कपडा घालू दिला नाही, ती मी, स्कर्ट-ब्लाउज करायला निघाले! कुणामुळे?

पहाटे शाळेच्या पटांगणात रांगेत माझा दगड ठेवून आले. सगळेच ठेवतात, जागा राखायला. परत जाऊन बघते तर माझ्या दगडाच्या पुढे आराबाच्या आईचा दगड! म्हणजे यांचे दगडसुद्धा माझ्यापुढे! मग ते ठसे तपासायचं मशीन. तिथे बसलेले गुरुजी, 'बाई, अंगठा पुसा. परत लावा. परत पुसा. बाई, हे मशीन तुम्हाला ओळखत नाही, दुसरं बोट द्या.' ओळखत नाही! आराबाला सगळा देश ओळखतोय, मला मशीनही ओळखत नाही!

एकदाची आडोशामागे गेले. राष्ट्रपतीचा कागद झाला. दुसरा उघडला, त्यावर उमेदवारांचे फोटो. बघते तर... अहो, आराबाच्या अंगात माझा ड्रेस! तिचं शिक्षण संपलं त्या दिवशी, आम्ही सगळ्यांनी रीतीप्रमाणे तिच्यावर पावडर उधळली ना, त्या दिवशी मी शिवून दिला होता. सात चुण्यांची फुग्याची बाही! आठ वर्षं झाली, एक टाका हलला नव्हता. मग वकिलाकडे बघितलं. कोट. खांद्यात ढगळ. हा माणूस संसदेत जाणार? त्या खांद्यांनी? अंगठा शाईत बुडवलेला, वकिलाकडेच चालला होता हो, शप्पथ... आणि टेकला तो बाहीवर. चौकटीत नाही, बाहीवर! हाताला सवय.

म्हटलं जाऊ दे, गुप्त असतं, कुणाला कळतंय?

पाच वाजता मतदान संपलं, तिथेच सगळ्यांसमोर मोजणी. गुरुजी एकेक कागद वर धरणार, आम्ही सगळ्यांनी एका सुरात आकडा ओरडायचा. आराबा दोनशे तीन, वकील दोनशे तीन, आणि उरला एक कागद. धरला वर... बाहीवर अंगठा! वकिलाचा माणूस, 'चौकटीबाहेर आहे, बाद!' आराबाचा माणूस, 'तिच्याच फोटोवर आहे, तिचंच!' गुरुजींनी चष्मा पुसला, 'हे ठशात मधोमध पांढरं काय आहे? कागद फाटलाय का?' सगळं पटांगण माना लांब करून बघतंय. आणि मामे याबा, देव तिचे मासे करपवो, 'फाटलाय कुठला गुरुजी, ती तर एफिबाला लागलेली सुई!'

'गुप्त मतदान आहे! कुणी कुणाकडे बघायचं नाही!' गुरुजी ओरडले. झालं, चारशे माणसं वळून माझ्याकडे! मी अंगठा पदराआड दडवला, तर पदर जांभळा. मशीनला जो ओळखता आला नाही, तो अंगठा सगळ्या गावाने ओळखला! मत धरलं आराबाचंच. आणि सगळ्या मतदारसंघात ती निवडून आली किती मतांनी? अकरा! दहाजणांचं मला माहीत नाही, पण अकरावं कुणाचं?

दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली. शिडी मामे याबानेच आणली, मी मागितलीही नव्हती. पंचवीस वर्षांची पाटी, भिंतीवर नुसता चौकोन उरला... खरं सांगते, त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. मक्याच्या पिठाचा केंके तसाच पानात.

तिसऱ्या दिवशी आराबा आली, बँड लावून! गळ्यात पडून रडली, 'मॅडम, मला कळलं सगळं.' खोटं कशाला बोलू, मीही रडले. म्हणते, 'तुमच्यासाठी नवी पाटी आणलीय.' वाटलं, पोरीने जाण ठेवली! कापड काढलं तर दाराएवढी पाटी, आणि त्यावर फोटो कुणाचा? तिचा! 'माननीय खासदार आराबा इथेच शिवण शिकल्या.' माझं नाव खाली कोपऱ्यात, बकऱ्या अंग घासतात तिथे. आणि फोटोत अंगात काय? तिने स्वतः शिवलेला ब्लाउज, तिरक्या काजांचा!

आता गिऱ्हाइकांची रांग लागलीय. दगड ठेवून जातात! आणि प्रत्येकीचं एकच, 'मॅडम, आम्हाला अगदी खासदारबाईंसारखा ब्लाउज हवा. काजं तशीच तिरकी.' म्हणून बसलेय चार दिवस, तिरकी काजं करायला शिकतेय. जळत नाही हो मी, मी कशाला जळू... पण जमत नाहीयेत मेली, तिच्याइतकी तिरकी!