उकळलेल्या दगडाबाबत

पुरवणी जबाब. नाव व पत्ता पहिल्या जबाबात दिला आहे तोच. वय ४६ वर्षे, धंदा चष्म्याच्या दुकानात नोकरी. मयताची थोरली बहीण.

मी समक्ष हजर होऊन सांगते की, माझा धाकटा भाऊ व भावजय माझ्या वरच्या मजल्यावर राहत. भावाला लहानपणापासून दमा होता. त्यांच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. तीत तो मऊ प्रवाळ वाढवत असे. हिरवे, जांभळे, गुलाबी. पाणी हलले की तेही हलतात. ही झाडे नव्हेत, जिवंत प्राणी आहेत, असे तो येईल त्याला सांगे.

रविवारी मी वर गेले तेव्हा तो पलंगावर होता व त्याला धाप लागली होती. भावजय खिडक्या उघडत होती व खोकत होती. तिचा खोकला मला नाटक वाटला. ओट्यावर पातेले घासून पालथे घातलेले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विषबाधेचा संशय सांगितला. त्यावरून मी या ठाण्यात येऊन भावजयीवर संशय घेतला.

आदल्या दिवशी भावजय भावाला म्हणाली होती, "या घरात ही सवत राहील, नाहीतर मी." हे मी पहिल्या जबाबात सांगितले. ते खरे आहे. पुढचे सांगितले नाही. भाऊ म्हणाला, "सवतीला मीठ मोजून घालावं लागतं. तू आयतीच खारट." त्यावर भावजय म्हणाली, "ताई, ऐकलंत? तुमच्याच लाडानं बिघडलाय." मी म्हणाले, "लग्नापर्यंत माझी जबाबदारी. आता परत घेणार नाही." आम्ही तिघेही हसलो. हे बोलताना भावजय त्याच टाकीची काच पुसत होती.

काल टाकीचे सामान विकणारा दुकानदार भेटायला आला. एका दगडावर तपकिरी बटणांसारखे प्रवाळ माजले होते व ते रंगीत प्रवाळांना झाकून टाकत होते. ते कसे घालवावे, असे भावाने त्याला फोनवर विचारले होते. दुकानदार म्हणाला, "मी म्हटलं, दगडच फेकून दे. तर म्हणे, दगड चांगलाय, उकळून घेतो. अरे, वेडा आहेस का, त्या वाफेत विष असतं, असं सांगितलं मी. बरं बाबा, म्हणाला आणि फोन ठेवला." मी हे डॉक्टरांना कळवले. लक्षणे त्याला जुळतात, असे ते म्हणाले. दगड गॅलरीत आहे, तो ताब्यात घ्यावा.

पातेल्याला घाण वास येत होता म्हणून घासले, असे भावजयीने मला रविवारीच जिन्यात सांगितले होते. मी ऐकून घेतले नाही.

सोमवारी सकाळी भावाने डोळे उघडले. "ती कुठंय?" असे विचारले. मी "वाटेत आहे" असे सांगितले. त्याने मान दाराकडे वळवून ठेवली. दुपारी तो गेला. त्या सगळ्या वेळात भावजय माझ्या तक्रारीवरून या ठाण्यातल्या बाकावर बसलेली होती.

भावजयीविरुद्ध माझी काही तक्रार नाही. ती माहेरी गेली आहे. माझा फोन उचलत नाही. टाकीचा दिवा मी रोज लावते. आणखी काय करायचे असते ते मला माहीत नाही.

"वाटेत आहे" हे केसच्या कामाचे नाही, गाळू का, असे जबाब लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारले. राहू द्या, असे मी म्हणाले. सर्व जबाब मला वाचून ऐकवला. तो मी सांगितला तसाच आहे. या वेळी मी काही मागे ठेवलेले नाही. खाली माझी सही.