मिथुन तायडेची सही

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा जान्हवीताई सामंत, व्यासपीठावरचे पाहुणे डॉक्टर केयूर, उद्यापासून माझं काम सांभाळणारे हर्षद, आणि सुट्टीचा दिवस मोडून मुलुंडपर्यंत आलेल्या मित्रमैत्रिणींनो, सगळ्यांना या काशीराम परबचा नमस्कार. पहिल्या रांगेत लताताई तायडे बसल्या आहेत. त्यांना वेगळा जय भीम.

शाल झाली, श्रीफळ झालं. हर्षद म्हणाले, बारा वर्षांत परबकाकांनी एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. अहो, मला त्या ऐकवेनात.

नवीन मंडळींसाठी सांगतो. आपली 'बोलकी पाटी' अंध माणसांना मराठी वाचून दाखवते. मुक्त सॉफ्टवेअर आहे, कुणीही घ्या, कुणीही बदला. पण आपल्या पाटीत भर घालायची, तर लिहिणाऱ्याने आपला स्वामित्वहक्क सही करून संस्थेच्या नावे द्यायचा. त्याशिवाय कोडची एक ओळ आत येत नाही. उद्या कुणी कोर्टात खेचलं तर मालक कोण, हा घोळ नको. ते सह्यांचे कागद सांभाळणं एवढंच माझं काम. आणि त्याची मला काय घमेंड होती!

लताताईंचा मुलगा मिथुन वाकोल्याला राहायचा. तो येईपर्यंत आपली पाटी एका दमात वाचत सुटायची. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, हे तिला त्याने शिकवलं. मी कागद मागितला तर म्हणे, "काका, प्रिंटर नाही ओ माझ्याकडे. रविवारी येऊन सही मारतो ना. टेन्शन कशाला घेता?" पोरगा गोड. मी बरं म्हणालो, आणि सहीशिवाय त्याचं काम आत घेतलं.

रविवार उजाडायच्या आत तो डेंग्यूने गेला. सव्वीस वर्षांचा होता हो.

नवी आवृत्ती आठवड्यावर आलेली. त्याच्या ओळी काढायच्या, तर नियम मीच मोडला हे सगळ्यांना कळणार. वारस म्हणून लताताईंची सही मागायची, तर कुठल्या तोंडाने? मग मी काय केलं? आपल्या कार्यशाळेच्या हजेरीपटावर मिथुनची सही होती. ती समोर ठेवली, चार वेळा गिरवली, आणि पाचव्यांदा कागदावर केली.

वर्षाने लताताई संस्थेत आल्या. "भाऊ, माझ्या पोराच्या हातचं काही आहे का? त्याचं सगळं फोनमध्येच राहिलं." मी फाईल उघडली. का उघडली, देव जाणे. त्यांनी त्या सहीवरून बोट फिरवलं, झेरॉक्स नेली, फ्रेम करून त्याच्या फोटोशेजारी लावली. मला मुद्दाम घरी बोलावून दाखवली. चहा दिला. मी तो प्यायलो.

दहिसरला आमच्या शेजारी रश्मी राहते. तिला दिसत नाही. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडे तिची पाटी बोलते. मध्येच श्वासाला थांबते, आणि माझ्या अंगावर काटा येतो. वाटतं, हा मिथुन आहे. आता विचारणार, "काका, सही कोणी मारली?" टीव्ही मोठा करून पाहिला, आतल्या खोलीत बसून पाहिलं. तरी तो येतोच.

लताताई, तुमच्या भिंतीवरची ती सही माझी आहे. मिथुनने हक्क कुणाला दिलाच नव्हता. त्या ओळी आज तुमच्या आहेत. हर्षद, तो कागद रद्द करा. हक्क द्यायला ताई नाही म्हणाल्या, तर ओळी काढा, पाटी पुन्हा एका दमात वाचत सुटू दे. ताई, कुणाची भीड धरू नका. आणि हे हजेरीपटाचं पान आणलंय. यावरची सही त्याचीच आहे. वर तारीखही त्यानेच घातली आहे.

अध्यक्षांचे, आयोजकांचे, तुम्हा सगळ्यांचे आभार. शाल इथे टेबलावर ठेवतो. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहाने पोटात घ्यावं. केलेल्याची माफी मात्र फक्त लताताईंची मागतो. त्या काय म्हणतात ते ऐकायला मी इथेच उभा आहे.