आधी पंगत, मग मॅच

शिवकन्या : अव्वा, मुदखेडच्या पोरी लिंबाखाली का पडल्यात?

गुरम्मा : जेवल्या, लवंडल्या. ऊन लई हाय.

शिवकन्या : जेवू कुणी घातलं?

गुरम्मा : कुणी म्हंजे? मीच. तूच म्हणलीस की, रग्बीत समोरच्या टीमला जेवू घालायची रीत असती. एवढ्या पहाटं उठून उदगीरला आलेल्या पोरी. गूळ घालून गव्हाची हुग्गी, खीर शिजवली, शेंगाच्या पोळ्या केल्या, तुपाचा डबा उघडला.

शिवकन्या : मॅच झाल्यावर, अव्वा. मॅच खेळून झाल्यावर जेवू घालतेत.

गुरम्मा : आधी हाणायचं न मग पानावर बसवायचं? आपल्यात न्हाई तसलं. पाव्हणा आला की आधी पान.

शिवकन्या : आणि पंच? बसवंत सर कुठंयत?

गुरम्मा : ते बी लिंबाखालीच. शिट्टी छातीवर ठिवून झोपलेत. गुणाचा माणूस, हुग्गी मागून मागून खाल्ली.

शिवकन्या : आता मॅच कशी होणार? आज जिंकंल ती टीम बालेवाडीला जाणार, राज्याच्या स्पर्धेला. दर साली ह्याच पोरी आपल्याला हरवायलेत. पुढच्या वर्षी माझं वय बसत न्हाई. आखरी मॅच हाय माझी.

गुरम्मा : मग बरंच की. त्या उठल्या न्हाईत तर तुम्हीच जिंकल्या.

आरती : ऐकलं मी. झोपले न्हाई, नुसते डोळे मिटलेत.

शिवकन्या : आरती, ऊठ. कॅप्टन हाईस तू.

आरती : उठता आलं असतं तर इथं पडून राहिले असते का? डाव बेस टाकलास. मैदानात जमंना म्हणून ताटात गाठलं.

शिवकन्या : मला म्हाईतच न्हवतं. शप्पथ. तू नको म्हणायचं होतंस.

आरती : म्हणलं ना. पुरे म्हणलं की पोळी पडायची. ताटावर हात आडवा धरला तर हातावर तूप. उठायला गेले तर तुझ्या अव्वानं खांद्याला धरून खाली बसवलं. इतकी सालं खेळून राहिले, असं मला कुणी पाडलं न्हाई.

गुरम्मा : वाळकी पोरगी. दोन घास जास्त वाढले तर काय बिघडलं?

शिवकन्या : अव्वा, ह्या वाळक्या पोरीनंच गेल्या साली माझ्या खांद्याचं हाड मोडलं.

गुरम्मा : हीच का ती?

आरती : चुकून मोडलं, आजी. दवाखान्यात पण मीच नेलं हिला. विचारा.

गुरम्मा : नेलंस का? मग ताक पी थोडं. जिरंल.

आरती : ताकाला जागा न्हाई, आजी. शिवकन्या, जा, सरांना उठीव. मुदखेड मैदानात उतरली न्हाई म्हणून सांग. घेऊन टाक बालेवाडी. गावाकडं विचारलं तर आम्ही सांगू कशी हरलो ते.

शिवकन्या : काय सांगशील?

आरती : खरं तेच. उदगीरवाल्यांनी पोळ्या लाटून हरवलं.

शिवकन्या : अव्वा, हुग्गी उरली का?

गुरम्मा : पातेलंभर.

शिवकन्या : आमच्या सगळ्या टीमची पानं मांड. ह्यांना जितकं वाढलंस तितकंच आम्हाला. चमचाभर कमी नको.

गुरम्मा : आत्ता तर म्हणलीस, मॅचच्या आधी जेवत न्हाईत.

शिवकन्या : वाढ म्हणते ना.

आरती : डोकं ठिकाणावर हाय का तुझं? हातात आलेली मॅच हाय.

शिवकन्या : मला तुला हरवायचंय. तुझ्या पोटाला न्हाई. तू बसून बघ, आमच्यातलं कुणी पानात टाकतं का.

आरती : बसवत न्हाई. पडूनच बघते. ए, ती कोपऱ्यातली पोळी जर्सीत सरकवायली बघ.

शिवकन्या : शिवानी, काढ ती. खा.

(ऊन कलल्यावर मॅच सुरू झाली. पंचांनी बसूनच शिट्टी वाजवली. दोन्ही बाजूंना एकही गुण नाही आणि वेळ संपत आली आहे. बॉल काखेत धरून शिवकन्या रेषेकडे चालत निघाली आहे. मागून आरती, तीही चालत. गुरम्मा मैदानाबाहेर उभी.)

आरती : थांब. धरणार मी तुला.

शिवकन्या : पळत ये की मग.

आरती : तू पळ आधी.

शिवकन्या : पळाले की तूप वर येतं.

आरती : मघाशी स्क्रममध्ये ढकलायचं सोडून तुमची शिवानी माझ्या खांद्यावर घोरत होती.

शिवकन्या : आणि तुमच्या पोरी तिला थोपटत होत्या. बघितलं मी. आरती, धरायचं तर धर, फक्त पोटाला धरू नको.

आरती : इतकी माणुसकी हाय. पायाला धरते.

शिवकन्या : वाकता येतं का तुला?

आरती : न्हाई.

शिवकन्या : मग झालं. ही रेष. ओलांडली बघ.

आरती : ओलांडून काय? बॉल हातानं जमिनीला टेकवावा लागतो. नुसता सोडलास तर बाद. टेकीव.

शिवकन्या : टेकवते. दम धर जरा.

आरती : वाक की मग.

शिवकन्या : वाकायलेच.

आरती : कंबर हलली पण न्हाई तुझी. मी आले बघ. चार पावलं राहिली.

शिवकन्या : गुडघा पण वाकंना. अव्वा, किती वाढलंस गं?

गुरम्मा : वाकू नको माय. मांडी घालून बस. पानावर बसतीस तशी, हळू. पोट दबत न्हाई.

आरती : आजी, तुम्ही मधी बोलू नका. दोन पावलं.

शिवकन्या : बसले.

आरती : बॉल?

शिवकन्या : म्होरं ठिवला. हात वरच हाय, बघ.

आरती : वाजवली सरांनी शिट्टी. एका पावलानं हुकलं माझं. सरक, मला पण बसू दे.

शिवकन्या : ये. हात दे. हळू.

आरती : खांदा कसाय तुझा?

शिवकन्या : बराय. यंदा तू लागलीच न्हाईस.

आरती : पोचले असते तर लागले असते. बालेवाडीत जपून राहा. तिकडच्या पोरी एक केळं खाऊन उतरतेत, पळतेत पण. अव्वा, तुम्हाला एक सांगते, ऐका. बालेवाडीला हिच्यासंगं हुग्गीचा डबा देऊ नका.

गुरम्मा : हिच्यासाठी न्हाई माय. समोरच्या पोरींसाठी देणार हाय.