काशीआजीची तपासणी

आमच्या अण्णांचा घरमालक म्हणून एकदाच अपमान झाला, अन् तोही भर चहात!

संभाजीनगरला आमच्या घराच्या मागच्या खोलीत कन्नड तालुक्यातली काशीआजी भाड्यानं राहायची. मागंपुढं कुणी नाही, निराधार योजनेच्या पगारावर भागायचं. तेवढ्यात नवा नियम निघाला, घरोघरी तपासणी होणार, सांभाळणारं कुणी दिसलं की पगार बंद. अण्णांनी तिला रोज पढवलं, "साहेबानं विचारलं तर कुणी नाय म्हणायचं."

"व्हय बाबा, कुणी नाय."

साहेब आले. आजीकडं खुर्ची नव्हती, म्हणून आमच्याच बैठकीत बसले. आजी आमच्या स्वयंपाकघरात गेली अन् आमच्याच दुधाचा चहा करून घेऊन आली. अण्णांना घाम फुटला.

"आजी, तुम्हाला बघणारं कुणी आहे का?"

आजी अण्णांकडं वळली. मग हळूच म्हणाली, "तू जरा भायेर जा की रं! तुझ्या तोंडावर कसं म्हणू, कुणी नाय म्हणून?"

साहेबांनी शांतपणे चहा संपवला, पेन उघडला अन् म्हणाले, "घरमालक, जा की जरा बाहेर."